४४९ सालची परिषद यादीत का नाही?

धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलीचा प्रश्न तुम्ही पाठवला आहे. तो आधी थोडक्यात मांडतो. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली. जमलेले सुमारे दीडशे बिशप पूर्वेकडचे होते. पोप दमासुस यांना निमंत्रण नव्हतं आणि त्यांचा प्रतिनिधीही तिथे नव्हता. तरी ती दुसरी विश्वपरिषद, म्हणजे सगळ्या ख्रिस्तसभेची मानली गेलेली परिषद. ४४९ साली एफेससला परिषद भरली, सम्राटाने रीतसर बोलावलेली आणि पोपचे प्रतिनिधी हजर असलेली. ती मात्र यादीत नाही. मग २१ विश्वपरिषदांची ही कॅथलिक यादी केली कोणी, आणि कशाच्या आधारावर?

मी सव्वीस वर्षं सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवतो आहे. इतका नेमका प्रश्न भावी धर्मगुरूंच्या वर्गातसुद्धा क्वचित येतो. त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

थेट उत्तर असं: परिषद भरते त्या दिवशी ती विश्वपरिषद आहे की नाही, हे बहुतेक वेळा ठरलेलं नसतं. ती नंतर तशी स्वीकारली जाते किंवा नाकारली जाते. हा स्वीकार कधी दोन वर्षांत होतो, तर कधी दोन शतकं लागतात. त्यात रोमच्या बिशपांची संमती निर्णायक ठरत आली आहे. ती संमती आधी मिळाली, नंतर मिळाली, काही भागापुरती मिळाली, असे सगळे प्रकार इतिहासात आहेत.

गोंधळ होतो तो आजचा नियम मागे नेल्यामुळे. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे, विश्वपरिषद बोलवायची पोपनी, अध्यक्षपद पोपनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी सांभाळायचं आणि ठरावांना मंजुरीही पोपनीच द्यायची. पण पहिल्या सातही परिषदा सम्राटांनी बोलावल्या आणि त्यांतल्या एकीतही पोप स्वतः बसले नाहीत. पहिल्या आठही परिषदा आजच्या तुर्कस्तानात भरल्या. निकेआ म्हणजे आजचं इझ्निक, तर खाल्किदोन म्हणजे इस्तंबूलमधला कादिकॉय हा भाग.

निकेआपासूनच सुरुवात करू, कारण तिथेही गोष्ट आपण समजतो तितकी सरळ नाही. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना बोलावलं आणि प्रवासासाठी सरकारी टपालाच्या गाड्या-घोडे दिले. पोप सिल्व्हेस्टर यांनी दोन धर्मगुरू पाठवले. बिशपांची संख्या ३१८ सांगितली जाते, पण तो आकडा अब्राहामाच्या ३१८ सेवकांवरून रूढ झाला. उत्पत्तीच्या पुस्तकात चौदाव्या अध्यायात ते सेवक भेटतात. पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे हे परिषदेने जाहीर केलं, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे ही आरियस या धर्मगुरूची शिकवण नाकारली आणि वीस नियम केले. त्यांतला पाचवा नियम म्हणतो की प्रत्येक प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं. गोव्यात १५६७ साली पहिली प्रांतीय परिषद भरली, ती याच जुन्या प्रथेतली. अशी प्रांतीय परिषद आपल्या प्रांतापुरतीच असते, हे मुलांना आवर्जून सांगा. नाहीतर ‘परिषद’ हा एकच शब्द ऐकून ती दोन्हींची सरमिसळ करतात.

निकेआने वाद मिटला नाही. तो आणखी साठेक वर्षं पेटत राहिला. निकेआची बाजू लावून धरणारे अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांना पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. ३५९ साली सम्राट कॉन्स्टँटियसने पश्चिमेकडच्या बिशपांना इटलीत रिमिनीला बोलावलं. चारशेहून अधिक बिशप आले, म्हणजे निकेआपेक्षा जास्त. सुरुवातीला त्यांनी निकेआचीच बाजू घेतली. पण सही केल्याशिवाय घरी जायचं नाही, असा सम्राटाच्या अधिकाऱ्याला हुकूम होता. महिने गेले, हिवाळा आला. थकलेल्या बिशपांनी शेवटी ‘एकतत्त्व’ हा शब्द गाळलेल्या मसुद्यावर सह्या केल्या.

संख्येने परिषद ठरत असती, तर आज आपण रिमिनीचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणत असतो. पुढे पोप दमासुस यांनी लिहिलं की रिमिनीला जमलेल्यांच्या संख्येला वजन नाही, कारण ज्यांचं मत सर्वांआधी घ्यायला हवं होतं त्या रोमच्या बिशपांनी संमती दिलीच नव्हती. स्वीकाराची कसोटी इतक्या स्पष्टपणे मांडलेली मला ही पहिली जागा वाटते.

आता ३८१. थिओडोसियस सम्राटाने बोलावलेली ही परिषद गडबडीचीच झाली. अध्यक्ष मेलेतियस मध्येच वारले. त्यांच्या जागी आलेले नाझियान्झसचे ग्रेगरी वादांना कंटाळून राजीनामा देऊन निघून गेले. मग नेक्तारियस नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची बिशप म्हणून निवड झाली, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मासुद्धा व्हायचा होता. तिसऱ्या नियमाने कॉन्स्टँटिनोपलला रोमनंतरचा मान दिला, आणि तो रोमला बराच काळ पटला नाही. पन्नास वर्षांनी, ४३१ साली, एफेससच्या परिषदेत मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यावरचा वाद सुटला. त्या परिषदेने निकेआचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं, पण ३८१ चं एकदाही नाही.

मग ती दुसरी विश्वपरिषद झाली कशी? ४५१ साली खाल्किदोनला जमलेल्या बिशपांसमोर ‘दीडशे पित्यांची श्रद्धा’ म्हणून तिचा विश्वासांगीकार वाचला गेला आणि सर्वांनी तो आपला म्हणून मान्य केला. तोवर सत्तर वर्षं उलटली होती. सहाव्या शतकाच्या अखेरीस थोर पोप ग्रेगरी यांनी लिहिलं की चार शुभवर्तमानांना मानतो तसंच या चार परिषदांना मानतो. तेव्हा रोमच्या बाजूने तिची जागा पक्की झाली. रविवारच्या मिस्सेत निकेआच्या नावाने म्हटला जाणारा मोठा विश्वासांगीकार मुळात याच परिषदेच्या नावाने आपल्यापर्यंत आला आहे. पवित्र आत्म्याबद्दलच्या त्यातल्या ओळी ३२५ च्या मजकुरात नव्हत्या.

४४९ ची हकिगत याच्या अगदी उलट आहे. इथे थोडं थांबतो.

युतिखेस नावाचा एक मठाधिपती शिकवत होता की देहधारणेनंतर ख्रिस्ताचा एकच स्वभाव उरतो. कॉन्स्टँटिनोपलचे बिशप फ्लाविआन यांनी त्याला दोषी ठरवलं. रोमहून पोप लिओ यांनी फ्लाविआनना सविस्तर पत्र लिहिलं: ख्रिस्त एकच व्यक्ती, पण ईश्वरी आणि मानवी असे दोन स्वभाव. सम्राट दुसरा थिओडोसियस मात्र युतिखेसच्या बाजूचा होता. त्याने ऑगस्ट ४४९ मध्ये एफेससला परिषद बोलावली आणि अध्यक्षपद अलेक्झांड्रियाच्या दिओस्कोरसकडे दिलं. पोपनी तीन प्रतिनिधी आणि एक लेखनिक पाठवला. तिघांतला एक धर्मगुरू वाटेतच वारला. उरले एक बिशप आणि हिलारुस नावाचा डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा सेवक.

लिओंचं पत्र वाचा, अशी प्रतिनिधींनी पुन्हा पुन्हा मागणी केली, पण ते वाचलंच गेलं नाही. युतिखेस निर्दोष ठरला आणि फ्लाविआनना पदच्युत करण्याचा ठराव आला. काही बिशप दिओस्कोरसचे पाय धरू लागले, तेव्हा चर्चचे दरवाजे उघडून सैनिक आणि मठवासी आत सोडले गेले. त्या गोंधळात हिलारुस यांनी लॅटिनमध्ये एकच शब्द उच्चारला: ‘कोंत्रादिचितुर’. म्हणजे, याला विरोध आहे. ग्रीक लेखनिकांनी तो लॅटिन शब्दच ग्रीक अक्षरांत टिपून ठेवला आणि त्याचा अर्थ सोबत लिहिला. जखमी फ्लाविआन कैदेत असताना काही काळातच वारले. हिलारुस आडवाटांनी लपतछपत रोमला पोहोचले.

सम्राटाने परिषद मान्य केली, ठरावांवर बिशपांच्या सह्या होत्या, अध्यक्ष म्हणून एक कुलपती, म्हणजे प्रमुख प्राचीन शहराचा मुख्य बिशप, बसला होता. कागदोपत्री सगळं जागच्या जागी. पण लिओंनी ती मान्य करायला साफ नकार दिला आणि एका पत्रात तिला ‘दरोडेखोरी’ म्हटलं. तेच नाव तिला चिकटलं. जुलै ४५० मध्ये थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला. त्याची बहीण पुल्केरिया आणि तिने ज्याच्याशी विवाह केला तो नवा सम्राट मार्सियन यांनी पुढच्या वर्षी खाल्किदोनला परिषद बोलावली. तिथे ४४९ चं इतिवृत्त मोठ्याने वाचलं गेलं. वाचन चालू असतानाच बिशप उठून सांगू लागले की आमच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. ते वाचन खाल्किदोनच्या इतिवृत्तात नोंदलं गेलं, म्हणूनच ही सगळी हकिगत आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे.

खाल्किदोनने लिओंचं पत्र आधी तपासलं आणि मग मान्य केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘पेत्र लिओच्या मुखाने बोलला’ ही बिशपांची घोषणा नेहमी सांगितली जाते. पण काही बिशपांना शंका होत्या, त्या दूर करायला वेळ दिला गेला आणि पत्र अलेक्झांड्रियाचे आधीचे बिशप सिरिल यांच्या लिखाणाशी ताडून पाहिलं गेलं, हेही तितकंच खरं. शिवाय लिओंनी ही परिषद सरसकट स्वीकारली नाही. कॉन्स्टँटिनोपलचा मान वाढवणारा अठ्ठाविसावा नियम त्यांनी रद्दबातल ठरवला. श्रद्धेचा निर्णय मान्य, हा नियम अमान्य. विश्वपरिषद म्हटली की तिचा प्रत्येक शब्द सारख्याच वजनाचा, असं नसतं.

आणि स्वीकार सर्वांनी केला असंही नाही. इजिप्त, सिरिया, आर्मेनिया आणि इथिओपियातल्या प्राचीन ख्रिस्तसभांनी खाल्किदोन मानली नाही. त्या पहिल्या तीनच विश्वपरिषदा मानतात. केरळातली मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळी याच परंपरेतली, आणि त्यांची चर्चेस मुंबई-पुण्यातही आहेत. वर्गातल्या एखाद्या मुलाचा शेजारी त्या मंडळीतला असू शकतो. तेव्हा ‘चुकीचं मानणारे लोक’ अशा भाषेत हा धडा कृपा करून शिकवू नका. एकाच श्रद्धेसाठी दोन बाजूंनी वेगळे शब्द वापरले जात होते, असं गेल्या शतकात दोन्हीकडच्या प्रमुखांनी एकत्र सह्या करून म्हटलं आहे.

पाचवी आणि सहावी थोडक्यात सांगतो. ५५३ साली पोप विजिलियस कॉन्स्टँटिनोपलमध्येच होते, तरी परिषदेला गेले नाहीत. दबावाखाली त्यांनी नंतर संमती दिली. त्यामुळे उत्तर इटलीतल्या आक्विलेयाच्या बिशपांनी रोमशी संबंध तोडले आणि ती फूट सुमारे दीडशे वर्षं टिकली. ६८०-६८१ च्या सहाव्या परिषदेने दिवंगत पोप होनोरियस यांनाही दोषी ठरवलं, आणि पोप दुसरे लिओ यांनी त्या निर्णयाला मंजुरी दिली.

सातव्या परिषदेशी मात्र स्वीकाराची कसोटी पुन्हा समोर येते. ७५४ साली सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने हिएरिया इथे ३३८ बिशप जमवून पवित्र चित्रांवर बंदी आणली. त्या परिषदेने स्वतःला ‘सातवी विश्वपरिषद’ म्हणवूनही घेतलं. ७८७ साली निकेआला दुसऱ्यांदा परिषद भरली तेव्हा हा दावा मुद्द्यामुद्द्याने खोडला गेला: रोमच्या पोपचं सहकार्य नव्हतं, पूर्वेकडच्या कुलपतींची संमती नव्हती, आधीच्या सहांशी मेळ नव्हता, मग ही सातवी कशी? म्हणजे आठव्या शतकापर्यंत विश्वपरिषद ओळखण्याची खूण शब्दांत उतरली होती.

त्यानंतर जे घडलं ते भाषेच्या माणसाला चटका लावणारं आहे. ७८७ च्या परिषदेने ‘वंदन’ आणि ‘उपासना’ यांत स्पष्ट फरक केला होता. वंदन चित्राला, उपासना एकट्या देवाला. पण फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात पोहोचलेल्या लॅटिन भाषांतरात दोन्हींसाठी एकच शब्द पडला. सायप्रसच्या एका बिशपाचं म्हणणं तर उलटंच झालं. उपासना मी त्रैक्यालाच अर्पण करतो, असं तो म्हणाला होता. भाषांतरात तो चित्रांनाही तीच अर्पण करतो असं उमटलं. ७९४ साली फ्रँकफुर्टला जमलेल्या बिशपांनी ते वाचून संतापाने या परिषदेचा निषेध केला. पोप हेड्रियन यांचे प्रतिनिधी निकेआत होते आणि पोपनी परिषदेची बाजूही घेतली, तरी आल्प्सच्या पलीकडे तिचा स्वीकार व्हायला पुढे फार काळ लागला. नवव्या शतकात अनास्तासियस या रोमच्या ग्रंथपालाने नवं भाषांतर केलं, तेव्हा गैरसमज हळूहळू निवळू लागला.

हाच अनास्तासियस आठव्या परिषदेच्या गोष्टीतही आहे. ८६९-८७० साली कॉन्स्टँटिनोपलला कुलपती फोटियसला पदच्युत करणारी परिषद भरली. पहिल्या बैठकीला जेमतेम बारा बिशप होते. परतताना पोपच्या प्रतिनिधींना समुद्री चाच्यांनी लुटलं आणि अधिकृत प्रत गेली. अनास्तासियसने वेगळ्या मार्गाने स्वतःची प्रत आणली होती, म्हणून इतिवृत्त वाचलं. दहा वर्षांनी त्याच शहरात दुसरी परिषद भरली, तिथेही पोपचे प्रतिनिधी होते आणि फोटियसची पदावर पुनःस्थापना झाली. त्यानंतर दोन शतकं रोमसुद्धा सातच परिषदा मोजत होतं. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बिशपांच्या नेमणुकीत राजांनी हात घालू नये म्हणून झगडणाऱ्या सुधारकांना ८६९-८७० चा बाविसावा नियम सापडला, कारण त्यात नेमकं तेच लिहिलं होतं. तेव्हापासून ती ‘आठवी’ म्हणून रुजली. खाल्किदोन मानणारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा (ग्रीक, रशियन वगैरे) आजही सातवरच थांबते.

पुढच्या परिषदांचं रूप वेगळं आहे. त्या पश्चिमेत भरल्या, पोपनी बोलावल्या आणि प्रश्नही पश्चिमेचे होते. ११२३ साली रोममधल्या लॅटरान इथे भरलेल्या पहिल्या परिषदेने नेमणुकांच्या वादावरचा तह पक्का केला. ११३९ च्या दुसरीने ख्रिस्ती माणसांविरुद्ध आडव्या धनुष्याच्या वापराला बंदी केली. ११७९ च्या तिसरीने पोपच्या निवडीला दोन तृतीयांश मतं हवीत हा नियम केला. १२१५ ची चौथी लॅटरान यांत सर्वांत मोठी. चारशेवर बिशप आणि आठशेच्या आसपास मठप्रमुख आले होते. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन आणि पास्काच्या सणाला ख्रिस्तप्रसाद, हा वसईच्या घराघरांत आजही पाळला जाणारा नेम तिथला. लग्नाआधी चर्चमध्ये होणारी जाहीर घोषणाही तिथलीच. याच परिषदेने यहुदी आणि मुसलमानांनी वेगळा पोशाख घालावा असाही नियम केला. त्याचे परिणाम यहुद्यांना शतकानुशतकं भोगावे लागले. वर्गात पापनिवेदनाचा नियम सांगताना हाही सांगायला हवा.

ल्यों आणि व्हिएन इथल्या परिषदा ओलांडून कॉन्स्टन्सच्या परिषदेकडे येतो, कारण तिथे मुलीच्या प्रश्नाला सर्वांत अवघड रूप मिळतं. १४१४ साली एकाच वेळी तिघे जण स्वतःला पोप म्हणवत होते. १४०९ साली पिसाला भरलेल्या परिषदेने दोघांना काढून तिसरा निवडला, पण दोघे हटलेच नाहीत. ती पिसा यादीत नाही. कॉन्स्टन्सची परिषद बोलावली पिसाच्या परंपरेतल्या तेविसाव्या जॉनने, आणि तोच मार्च १४१५ मध्ये रात्री वेष बदलून पळाला. ६ एप्रिलला परिषदेने ठराव केला की आपला अधिकार थेट ख्रिस्ताकडून आला आहे आणि पोपनेही तो मानला पाहिजे. मेमध्ये जॉन पदच्युत झाला. रोमच्या परंपरेतले बारावे ग्रेगरी यांनी जुलैत आधी आपल्या नावाने परिषद पुन्हा बोलावली आणि मग राजीनामा दिला. ११ नोव्हेंबर १४१७ ला पाचवे मार्टिन एकमेव पोप झाले. परिषद श्रद्धेच्या बाबतीत परिषद म्हणून जे बोलली ते मान्य, असं त्यांनी जाहीर केलं. पण ६ एप्रिलच्या ठरावाला रोमने कधी मान्यता दिली नाही.

म्हणजे कॉन्स्टन्स सोळावी विश्वपरिषद आहे, पण कुठल्या दिवसापासून आणि कुठल्या ठरावांपुरती, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. त्याच परिषदेत सम्राट सिगिस्मुंडचं अभयपत्र घेऊन आलेल्या यान हुस यांना ६ जुलै १४१५ ला जिवंत जाळलं गेलं. डिसेंबर १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. हा भाग मी कधीही गाळत नाही.

राहिली यादी. तिच्यावर पोपचा कुठला एक ठराव नाही. सोळाव्या शतकापर्यंत मोजणी एकसारखी नव्हती. फ्लॉरेन्स परिषदेच्या इतिवृत्ताचं लॅटिन भाषांतर १५२६ साली छापलं गेलं, त्यात तिला ‘आठवी’ म्हटलं आहे. आज आपण तिला सतरावी म्हणतो. शतकाच्या अखेरीस कार्डिनल बेलार्मिनो यांनी परिषदांची वर्गवारी केली: मान्य, अमान्य, काही भागापुरत्या मान्य. १६०८ ते १६१२ या काळात रोममध्ये चार खंडांत परिषदांचे ग्रंथ छापले गेले आणि तीच मोजणी रूढ झाली. त्रेंत आणि दोन व्हॅटिकन परिषदा धरून आकडा २१ झाला. पण १९७४ साली पोप सहावे पॉल यांनी ल्योंच्या दुसऱ्या परिषदेची सातशे वर्षं साजरी करताना लिहिलेल्या पत्रात तिला पश्चिमेत भरलेल्या सर्वसाधारण परिषदांपैकी एक म्हटलं. ऑर्थोडॉक्स बांधवांशी बोलताना हा भेद उपयोगी पडतो.

वर्गासाठी एक सुचवतो. पाटीवर २१ नावं लिहून पाठ करून घेण्याआधी हिलारुस यांची गोष्ट सांगा. एफेससहून जीव वाचवून आलेला हा डीकन बारा वर्षांनी, ४६१ साली, लिओंच्या नंतर पोप झाला. लॅटरानच्या बाप्तिस्मागृहाला लागून त्यांनी सुवार्तिक संत योहानाच्या नावाने एक प्रार्थनागृह बांधलं. योहानाची कबर एफेससमध्येच आहे. त्या दारावर त्यांनी कोरून घेतलेला लॅटिन लेख आजही वाचता येतो: ‘आपला मुक्तिदाता सुवार्तिक संत योहान यांस, ख्रिस्ताचा दास बिशप हिलारुस याच्याकडून.’